भिंतीतल्या वायरीतून इंटरनेट : खोक्यावरचा आकडा नको, घरातली वायरिंग बघा

फायबर घरापर्यंत आलं, दोनशे एमबीपीएसचं पॅकेज घेतलं, हॉलमध्ये टीव्ही झकास चालतो. पण मागच्या खोलीत मिटिंग सुरू झाली की साहेबांचा चेहरा गोठतो आणि आवाज तुटतो. ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यासाठी कंपनीला फोन करण्यात अर्थ उरलेला नाही. कंपनीचा माणूस फायबर जिथून सोयीचं पडेल तिथून आत घेतो, म्हणजे दाराच्या वरून किंवा खिडकीच्या चौकटीतून, आणि राउटर तिथेच खिळ्याला टांगून निघून जातो. पुढचं काम वायफायने करायचं. कोकणात आणि गोव्यात ते जांभ्याच्या दीड-दीड फुटी भिंतींशी झुंजतं. पुण्यातल्या जुन्या वाड्यात मातीच्या जाड भिंतींशी. आणि मुंबई-ठाण्यातल्या नव्या टॉवरमध्ये तर आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसतात. मायवान पद्धतीने ओतलेल्या सळई-काँक्रीटच्या असतात. अशा दोन भिंती आड आल्या की राउटर कितीही अँटेनांचा असो, पलीकडे एखादीच कांडी दिसते.

यावर एक उपाय बरेच दिवस बाजारात आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चा कमी होते: घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट पुढे न्यायचं. त्यासाठी जी उपकरणं मिळतात त्यांना पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर म्हणतात. मोबाइलच्या चार्जरपेक्षा थोडी मोठी डबी असते आणि ती जोडीने विकतात. एक डबी राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावायची आणि छोट्या लॅन केबलने राउटरला जोडायची. दुसरी मागच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये लावायची आणि तिथून केबल काढून लॅपटॉपला किंवा टीव्हीला द्यायची. मधली वायर भिंतीत आधीच आहे. ड्रिल नको, पट्टी नको, घरमालकाची परवानगीही नको.

ऐकायला सोपं वाटतं, आणि काही घरांत ते खरोखर तितकंच सोपं असतं. पण शेजाऱ्याकडे उत्तम चालणारी जोडी तुमच्याकडे निकामी ठरू शकते, कारण निम्मं यंत्र त्या डबीत असतं आणि उरलेलं तुमच्या भिंतीत. भिंतीतला भाग ऑनलाइन मागवता येत नाही. म्हणून खरेदीच्या आधी थोडा वेळ आपल्या वायरिंगकडे बघण्यात घालवावा, एवढंच या लेखाचं सांगणं आहे.

तारेवरून संदेश

विजेच्या तारेवरून संदेश पाठवणं ही नवी गोष्ट नाही. महापारेषणच्या एखाद्या मोठ्या उपकेंद्राजवळून जाताना उच्चदाबाच्या तारांना पिंपासारखी जाड वेटोळी टांगलेली दिसली असतील. ती वेव्ह ट्रॅप. एका उपकेंद्रातून दुसऱ्या उपकेंद्राशी बोलायला आणि बिघाड झाल्यास समोरचा ब्रेकर पाडण्याचा इशारा द्यायला त्याच तारांवरून वेगळ्या वारंवारतेचे संदेश सोडत असत, अजूनही काही ठिकाणी सोडतात. ते संदेश भलत्या यंत्रसामग्रीत शिरू नयेत म्हणून ही वेटोळी.

घरातलं तत्त्व तेच आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावर अ‍ॅडॉप्टर काही दशलक्ष आवर्तनांचा बारीक संकेत चढवतो आणि दुसऱ्या टोकाचा अ‍ॅडॉप्टर तो गाळून घेतो. २००१ मध्ये होमप्लग नावाचं पहिलं मानक आलं तेव्हा वेग होता १४ एमबीपीएस, तोही कागदावर. २००५ मध्ये होमप्लग एव्ही आलं, त्याचा कागदी वेग २०० झाला. आज जे अ‍ॅडॉप्टर मिळतात ते बहुतेक एव्ही-२ या त्याच्या पुढच्या मानकाचे किंवा जी-डॉट-एचएन या वेगळ्या घराण्याचे असतात. दोन्ही घराण्यांचं आपसांत जमत नाही. आधी घेतलेल्या जोडीत तिसरी डबी वाढवायची असेल तर मानक एकच आहे ना, हे पाहूनच घ्या. शक्य तर कंपनीही तीच ठेवा.

जुनं एव्ही २ ते २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायचं. एव्ही-२ ने तो पट्टा ८६ मेगाहर्ट्झपर्यंत नेला आणि आणखी एक युक्ती केली. पूर्वी संकेत फक्त फेज आणि न्यूट्रल या दोन वायरींवरून जायचा. आता तिसरी, म्हणजे अर्थिंगची वायरही कामाला लावली. इथेच आपल्याकडची मेख आहे, तिच्याकडे पुढे येतो.

मग महावितरणच्या तारांतूनच थेट घरोघरी नेट का देत नाहीत, असा प्रश्न पडेल. तो प्रयोग झाला आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅनॅसस शहराने २००५ मध्ये गावभर विजेच्या तारांवरून इंटरनेट द्यायला सुरुवात केली आणि २०१० मध्ये ते बंद केलं. उघड्या तारा या वारंवारतेला अँटेनासारख्या वागतात, त्यामुळे हौशी रेडिओवाल्यांनी तक्रारींचा सपाटा लावला होता, आणि ग्राहकही पुरेसे मिळाले नाहीत. घराच्या आत अंतर कमी, वायर बहुतेक भिंतीत, म्हणून तिथे हे तंत्र टिकलं.

खोक्यावरचा आकडा

खोक्यावर ६००, १०००, २००० असे आकडे ठसठशीत छापलेले असतात. तो वेग प्रयोगशाळेतल्या आदर्श वायरीवरचा, जाणं आणि येणं दोन्ही मिळून, आणि त्यातला बराचसा भाग संकेत सांभाळण्यातच खर्च होतो. हजार लिहिलेल्या जोडीतून चांगल्या वायरिंगच्या घरात दीडशे-दोनशे मिळाले तर खूश व्हावं. साध्या घरात पन्नास ते शंभर धरून चाला. जुन्या घरात वीसवरही समाधान मानावं लागेल.

दुसरी गोम अशी की ६०० च्या स्वस्त जोड्यांवरचं लॅनचं पोर्ट पुष्कळदा १०० एमबीपीएसचंच असतं. आत सहाशे धावले तरी बाहेर शंभराच्या वर काही येणार नाही. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘गिगाबिट पोर्ट’ लिहिलं आहे का ते बघा. नसेल तर पुढचा मोठा आकडा शोभेचा आहे.

मात्र गरज किती, हेही प्रामाणिकपणे मोजावं. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस लागतात. टीव्हीवर फोर-के सिनेमा बघायला पंधरा ते पंचवीस. बाहेरच्या कॅमेऱ्याला चारेक. म्हणजे मागच्या खोलीत स्थिर तीस मिळाले तरी एका कुटुंबाचं काम आरामात भागतं. ‘स्थिर’ हा शब्द महत्त्वाचा. दोन भिंतींपलीकडचं वायफाय एका क्षणी साठ दाखवतं आणि पुढच्या क्षणी दोन. तुटतं ते त्या दोनच्या क्षणी.

आधी घर बघा

हवेत एकमेकांपासून चार फुटांवर असलेली दोन सॉकेट्स वायरीच्या हिशेबात तीस मीटर लांब असू शकतात. हॉलमधलं सॉकेट आणि त्याच भिंतीच्या मागचं बेडरूमचं सॉकेट, पाठीला पाठ लावून. तुम्हाला वाटेल, इथे तर काहीच अडचण नाही. पण हॉलची वायर छतातून दाराशेजारच्या डीबीत, म्हणजे एमसीबींच्या पेटीत जाते, तिथून दुसऱ्या एमसीबीवरून निघून स्वयंपाकघराला वळसा घालून बेडरूमला पोचते. संकेताला तो सगळा फेरा मारावा लागतो. म्हणून पहिलं काम: डीबीचं झाकण उघडून, आतल्या स्क्रूंना हात न लावता, कुठला एमसीबी खाली केला की कुठली सॉकेट्स बंद होतात ते एका रविवारी लिहून काढा. संगणक आधी बंद करून. हा कागद नंतर वायरमनलाही उपयोगी पडतो. दोन्ही डब्या एकाच एमसीबीवरच्या सॉकेट्समध्ये बसत असतील तर निम्मी लढाई जिंकली.

तुमचं कनेक्शन थ्री फेज असेल तर दुसरा प्रश्न. बंगल्यांत, रो-हाउसमध्ये आणि मोठ्या फ्लॅटमध्ये खोल्या तीन फेजवर वाटलेल्या असतात. कुठली खोली कुठल्या फेजवर हे शोधायला उपकरण लागत नाही. पावसाळ्यात एक फेज गेला की कुठल्या खोल्या अंधारात जातात हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असतं. राउटर एका फेजवर आणि मागची खोली दुसऱ्यावर असेल तर संकेत एका फेजवरून दुसऱ्यावर नुसत्या शेजारामुळे, म्हणजे वायरी जवळजवळून जातात म्हणून, थोडाफार उडी मारतो. कधी पुरतो, बहुधा नाही. त्यात आपल्याकडे डीबीशेजारी फेज बदलायचा चेंजओव्हर स्विच असतो. तो फिरवला की काल चालणारं नेट आज बंद, आणि कारण कुणाला कळत नाही. फेज कपलर नावाचं छोटं उपकरण डीबीत बसवून हा अडथळा दूर करता येतो, पण ते काम परवानाधारक वायरमनचं. ‘यूट्यूबवर बघून करतो’ म्हणणाऱ्या भाच्याचं नाही.

आता अर्थिंग. एव्ही-२ चा पूर्ण वेग तिसऱ्या वायरीच्या भरवशावर आहे. आपल्याकडे जुन्या चाळींत आणि लाकडी पट्टीवरच्या वायरिंगच्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण वरच्या जाड भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. अशा घरात अ‍ॅडॉप्टर बंद पडत नाही, फक्त दोन वायरींवर जुन्या पद्धतीने चालतो आणि वेग उतरतो. पण खरं सांगायचं तर अर्थिंग नसलेल्या घरात इंटरनेटच्या वेगाची चिंता दुसरी. गिझर आणि वॉशिंग मशीनची पहिली. आधी अर्थिंग करून घ्या. नेट सुधारेल हा त्यातला वरकड फायदा.

जुनी वायरिंग म्हणजे जोडही आलेच. दर काही वर्षांनी एक पॉइंट वाढवलेला, पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेली. विजेचा दिवा अशा जोडातून लागतो, पण उच्च वारंवारतेचा संकेत प्रत्येक जोडापाशी काही गमावतो.

मीटर वेगळा असेल तर हा नाद सोडा. वरच्या मजल्याचं भाड्याचं बिऱ्हाड, मागचं आउटहाउस, शेतातलं घर, यांना स्वतंत्र मीटर असेल तर दोन मीटरमधून संकेत धड पोचेल असं धरून चालू नये.

पिन कुठली?

आपल्या बाजारात या जोड्यांची निवड मर्यादित आहे. त्यामुळे बरेच जण ऑनलाइन आयात माल घेतात किंवा परदेशातल्या नातेवाइकांना आणायला सांगतात. दुबईहून किंवा लंडनहून आलेल्या डबीला तीन चपट्या चौकोनी पिना असतात. जर्मनीहून आलेलीला दोन गोल. अमेरिकेतलीला दोन चपट्या, कधी सोबत तिसरी गोल. अमेरिकेतून आणायची असेल तर त्यावरचं लेबल नक्की वाचायला सांगा. १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं नसेल तर आपल्या २३० व्होल्टमध्ये ती लावूच नये.

युरोपातली दोन गोल पिनांची डबी आपल्या सॉकेटमध्ये शिरते, पण तिच्या पिना आपल्यापेक्षा बारीक असतात, त्यामुळे ती सैल बसते. दिवसरात्र चालू राहणारं, थोडं वजनदार उपकरण सैल लोंबकळत असेल तर ठिणगी उडते, प्लास्टिक वितळतं. शिवाय तिची अर्थिंग बाजूच्या पट्टीतून असते, जी आपल्या सॉकेटमध्ये नाहीच. चांगल्या प्रतीचा, घट्ट बसणारा, तिसरी पिन असलेला कन्व्हर्टर घ्या. पदपथावरचा तीस रुपयांचा चौकोनी कन्व्हर्टर याला नको. आपल्या पिनची डबी मिळत असेल तर थोडे पैसे जास्त देऊन तीच घ्यावी, हे माझं ठाम मत.

जोडणी

दोन्ही डब्या प्रथम एकाच खोलीत, शेजारशेजारच्या सॉकेट्समध्ये लावा. पहिलीवरचं पेअरचं बटण दाबा, मग साधारण दोन मिनिटांच्या आत दुसरीवरचं. दिवे लुकलुकून स्थिर झाले की त्यांची ओळख झाली. पहिल्या डबीची केबल राउटरच्या लॅन पोर्टात जाते. वेगळ्या रंगाचं वॅन पोर्ट फायबरसाठी, त्याला हात लावू नका.

काही जण हे बटण दाबतच नाहीत, कारण खोक्यातून काढल्यावर जोडी तशीही चालते. चालते याचं कारण कारखान्यातून निघालेल्या पुष्कळ डब्यांची गुप्त किल्ली सारखीच असते. तुमच्या वरच्या मजल्यावर कुणी तशीच जोडी लावली आणि संकेत मीटरच्या खोलीतून इकडेतिकडे झिरपला, तर दोघांची जाळी एक होऊ शकतात. बटण दाबल्यावर नवी किल्ली तयार होते आणि मधला सगळा संवाद १२८ बिट एईएस पद्धतीने कुलूपबंद होतो. इमारतीत राहणाऱ्यांनी ही दोन मिनिटं टाळू नयेत.

मग मोजमाप. लॅपटॉप आधी थेट राउटरला केबलने जोडून वेग मोजा, कारण पॅकेजच शंभराचं असेल तर पुढे शंभराच्या वर काय दिसणार? मग शेजारशेजारच्या डब्यांमधून मोजा. हा तुमच्या जोडीचा सर्वोत्तम वेग. नंतर दुसरी डबी मागच्या खोलीत नेऊन तिथल्या प्रत्येक सॉकेटमध्ये लावून मोजा. एकाच खोलीतल्या दोन सॉकेट्समध्ये दुपटीचा फरक पडलेला दिसू शकतो. आणि ही परीक्षा दुपारी तीनला नको. रात्री आठ ते दहा, घरातलं सगळं चालू असताना घ्या. दुपारचे पेपर सगळेच सोडवतात.

आवाज करणारी मंडळी

वायरिंग उत्तम असूनही वेग पडत असेल तर घरातलं कुठलंतरी उपकरण लाइनवर गोंगाट करत असतं. तो कानाला ऐकू येत नाही, अ‍ॅडॉप्टरला येतो. मिक्सर हा उघड गुन्हेगार, पण तो दोन मिनिटं चालतो. खरा त्रास चोवीस तास चालणाऱ्यांचा: स्वस्त मोबाइल चार्जर, हलक्या प्रतीचे एलईडी दिवे, सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर. मोबाइलचा चार्जर नुसता सॉकेटमध्ये लावून ठेवला, फोन नसला, तरी काही चार्जर किरकिर करतात. शोधायची रीत सोपी आहे: वेग मोजत बसा आणि दुसऱ्या कुणाला एकेक बटण बंद करायला सांगा. आकडा ज्या बटणाला उसळी घेतो तो चोर.

आपल्या स्विचबोर्डांचा एक खास प्रकार आहे. त्याच पाटीवर पंख्याचा रेग्युलेटर आणि त्याच पाटीवर सॉकेट. मुठीसारखा सलग फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक आवर्तन कापून वेग कमी करतो आणि त्या कापण्यातून भरपूर गोंगाट होतो. टक-टक करत एक ते पाच आकड्यांवर थांबणारा स्टेप रेग्युलेटर बहुधा कपॅसिटरचा असतो, तो बराच शांत. रेग्युलेटर बदलणं हे वायरमनचं दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्याने पंख्याची गुणगुणही कमी होते.

छतावर सोलर बसवलेलं असेल तर दिवसा एक आणि रात्री एक अशी दोन मोजमापं घ्या. सोलरचा इन्व्हर्टर उन्हात काम करतो. नेट नेमकं दुपारीच रडत असेल तर संशयाला जागा आहे.

उलट दिशेचा घोटाळा स्पाइक गार्डचा. आपण चांगुलपणाने अ‍ॅडॉप्टरही स्पाइक गार्डमध्ये लावतो. विजेवरचा उच्च वारंवारतेचा कचरा गाळणं हे स्पाइक गार्डचं काम, आणि त्याच्या लेखी तुमचं इंटरनेट हाही कचराच. म्हणून अ‍ॅडॉप्टर नेहमी भिंतीतल्या सॉकेटमध्ये. काही डब्यांना पुढून स्वतःचं सॉकेट असतं आणि त्याच्यामागे गाळणी असते. अशी डबी मिळाली तर एक्स्टेंशन बोर्ड तिच्यात लावा, म्हणजे टीव्ही, चार्जर, सेट-टॉप बॉक्स या सगळ्यांचा गोंगाट अलीकडेच थांबतो. मात्र त्यात हीटर, इस्त्री लावू नका.

आता एक किरकोळ वाटणारी पण सगळ्यात जास्त वेळा घडणारी गोष्ट. इंग्लंड सोडलं तर युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक सॉकेटला बटण नसतं, आपल्याकडे असतं. आणि घरात कुणीतरी एक माणूस असा असतोच की जो रात्री झोपण्यापूर्वी फिरून सगळी बटणं बंद करतो. वीज वाचवणाऱ्या आजीशी वाद घालू नका. त्या बटणावर चिकटपट्टी लावा.

इन्व्हर्टर आणि वीज गेल्यावर

लाइट गेली की राउटर छोट्या यूपीएसवर चालू राहतो, पण अ‍ॅडॉप्टरला वीज नाही, म्हणजे मागच्या खोलीत नेट नाही. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर प्रत्येक खोलीतलं एखादं सॉकेट त्याच्या लाइनवर असतं. दोन्ही डब्या त्याच लाइनवर ठेवा. एक इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि एक थेट लाइनवर असं केलंत तर लाइट असतानाही संकेताला इन्व्हर्टरच्या पोटातून जावं लागतं आणि तिथे तो अडखळतो. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर बॅटरी चालू असताना गोंगाट इतका असतो की नेट रांगतं; साइन वेव्हवर बरं चालतं.

वळवाच्या पावसात एक काळजी घ्या. विजेच्या लाइनवरून आलेला झटका या डबीतून लॅन केबलमार्गे राउटर आणि संगणकापर्यंत जाऊ शकतो, आणि स्पाइक गार्ड तर आपण काढलेला आहे. डीबीत सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतला तर उत्तम. तरीही ढगांचा गडगडाट जवळ आला की डब्या सॉकेटमधून काढून ठेवाव्यात. नुसतं बटण बंद करण्यावर भागवू नये.

डबी हाताला कोमट लागणं नेहमीचं आहे. चटका बसत असेल तर काढा. आणि घरात कुणी शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकत असेल तर त्याला खरखर वाढल्याची तक्रार करण्याचा हक्क आहे, कारण तोच पट्टा आपण वापरतो आहोत. आकाशवाणीची मीडियम वेव्हवरची केंद्रं त्या पट्ट्याच्या खाली असतात.

त्याआधी करून बघण्यासारखं

इतकं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की पॉवरलाइन हा माझ्या मते पहिला उपाय नाही. पहिला उपाय राउटर घराच्या मध्यावर आणण्याचा. फायबरची थोडी जास्त वायर ओढून घ्यायला फारसा खर्च येत नाही आणि निम्म्या घरांचा प्रश्न तिथेच संपतो.

दुसरा, लॅनची वायर. कॅट-६ केबल शंभर मीटरपर्यंत पूर्ण गिगाबिट नेते, लाइनवरच्या गोंगाटाची तिला पर्वा नसते, आणि ती मीटरवर मिळते. घेताना शुद्ध तांब्याची आहे ना विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्तात खपवतात. भिंत फोडायची नसेल तर जुन्या फ्लॅटमधली एक सोय लक्षात ठेवा. लँडलाइनच्या काळात टाकलेली टेलिफोनची वायर एका पाइपातून बेडरूमपर्यंत गेलेली असते आणि आता ती निकामी पडून आहे. तिच्या टोकाला कॅट-६ पक्की बांधून दुसऱ्या बाजूने ओढली तर पुष्कळदा नवी वायर अलगद येते. डीटीएचची किंवा केबल टीव्हीची वायर निकामी झाली असेल तर तिच्या पाइपाचंही तेच. मात्र विजेच्या पाइपात लॅनची वायर कधीही घालू नका. वायरमन ‘काही होत नाही’ म्हणाला तरी नाही. आवरण सोलवटलं तर २३० व्होल्ट थेट लॅपटॉपच्या अंगावर येतात.

तिसरा, मेश वायफाय. पातळ विटांच्या भिंती असतील तर ते छान चालतं. जांभा आणि मायवान असेल तर मेशच्या दोन डब्यांनाही एकमेकींशी बोलता येत नाही, आणि नेमकं तिथे पॉवरलाइनचं स्थान आहे. शिवाय भाड्याचं घर, जिथे मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही; स्लॅबच्या वरची खोली, जिथे जिन्यातून वायर नेली तर घरातल्यांना खपत नाही; आणि दूरच्या खोलीतला टीव्ही, ज्याला स्थिर तीस-चाळीस एमबीपीएस पुरतात. या घरांसाठी ही जोडी घ्यावी.

मागच्या खोलीत लॅपटॉपशिवाय मोबाइलही चालवायचे असतील तर नवं काही घेण्याआधी माळ्यावर पडलेला जुना राउटर काढा. त्याचं डीएचसीपी बंद करा, नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच द्या, चॅनेल वेगळं ठेवा, म्हणजे एकीकडे १ असेल तर दुसरीकडे ६ किंवा ११. दुसऱ्या डबीतली केबल त्याच्या लॅन पोर्टात जोडा. तिसरी-चौथी डबी वाढवून आणखी खोल्या जोडता येतात, पण वायर एकच असल्यामुळे वेग सगळ्यांत वाटला जातो, हे ध्यानात ठेवा.

आणि विकत घेताना दुकानदाराला किंवा साइटवर एकच गोष्ट आधी पक्की करा: खोकं उघडून, घरात लावून, चालली नाही तर जोडी परत घेणार का, आणि किती दिवसांत. ‘उघडलेला माल परत नाही’ असं उत्तर आलं तर तिथून घेऊ नका.